नागपूर पूर्वेला, विमान पश्चिमेला

(दृश्य: पहाट. कुर्ल्याच्या जरीमरीतली पत्र्याची छपरं, वरून खाली येणारं विमान.)

जरीमरीत दुधाच्या पिशव्या उतरतायत. डोक्यावरून विमान इतकं खाली येतं की त्याची चाकं मोजता यावीत.

मुंबईत राहणाऱ्या नागपूरकराला एक आकडा पाठ असतो. रेल्वेनं 837 किलोमीटर. संध्याकाळी विदर्भ एक्स्प्रेसमध्ये बसायचं, इगतपुरी गेली की डबा उघडायचा, सकाळी नागपूर. 2025 पासून समृद्धी महामार्ग पूर्ण खुला झाला, तो 701 किलोमीटरचा. आणि नकाशावर सरळ पट्टी ठेवली तर अंतर भरतं साधारण 685.

ताशी 800 च्या वेगानं उडणाऱ्या जेटला हे अंतर तासाभराच्या आतलं. तिकिटावर मात्र जवळपास दीड तास लिहिलेला असतो.

वेळापत्रकातला वेळ विमान जागेवरून हललं की सुरू होतो आणि तिकडे जागेवर थांबलं की संपतो. मुंबईला धावपट्ट्या दोन, पण त्या एकमेकींना छेदतात. एका वेळी एकच वापरता येते. म्हणून रांग. पुढे चार विमानं, मागे चार, आणि आपण पट्टा बांधून बसलेले.

त्यात वारा. विमान उड्डाण घेताना वाऱ्याला सामोरं जातं आणि मुंबईत वारा बहुतेक वेळा समुद्राकडून येतो. नागपूर पूर्वेला, पण विमान आधी पश्चिमेला झेपावतं. खाली जुहू-वर्सोव्याची किनारपट्टी, मग नुसता अरबी समुद्र. घराकडे निघालेल्या माणसाला आधी समुद्र दाखवून मग वळवणारी ही वाट मला फार आवडते.

हिवाळ्यात वरचे पश्चिमी वारे जाताना पाठीशी असतात. येताना तेच अडवतात.

(दृश्य: नागपूरचा सोनेगाव विमानतळ, रात्र.)

1949 साली रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली, तेव्हा मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रासहून निघालेली विमानं मध्यरात्री याच सोनेगावला जमायची. टपालाच्या थैल्यांची अदलाबदल व्हायची आणि पहाटेपर्यंत विमानं परत. मुंबईत संध्याकाळी टाकलेलं पत्र सकाळी कलकत्त्यात! देशाच्या मधोमध असणं म्हणजे काय, ते नागपूरनं त्या रात्रींमध्ये दाखवलं.

वडील आजारी असल्याचा फोन आला, त्या रात्री मी डोंबिवलीत घड्याळ समोर ठेवून हिशेब करत होतो. अडीचला टॅक्सी. चारला विमानतळ. पावणेसहाला उड्डाण. समुद्र, वळण, सह्याद्रीवर फटफटणारं. सव्वासातला सोनेगाव, बाहेर पडून रिक्षा.

त्या पावणेसहा तासांत प्रत्यक्ष हवेत होतो जेमतेम सव्वा तास. सव्वाआठला मी बाबांच्या उशाशी बसलो होतो.