तबकडीवरची तारीख

(जुन्या ध्वनिमुद्रिका ऐकणाऱ्यांच्या मंडळात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय ‘मुलग्यांच्या सोप्रानो आवाजाची जुनी ध्वनिमुद्रणं’. सोप्रानो म्हणजे सगळ्यांत उंच पट्टीतला आवाज. मला जे म्हणायचंय ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे वेळ कमी पडला तरी हरकत नाही. आवाज फुटण्याआधीच्या मुलाची रेकॉर्ड असेल, तर ती कुठल्या तारखेला झाली आणि किती वेगाने वाजवायची, या दोन गोष्टी कळल्याशिवाय आपण ती ऐकली असं म्हणताच येत नाही. मोठ्या गवयाचं तसं नसतं. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या १९०५च्या सुमाराच्या रेकॉर्डी घ्या आणि शेवटच्या काही वर्षांतल्या घ्या. मधे तीस वर्षं गेली, तरी गळा ओळखू येतो. मुलाच्या बाबतीत तीस आठवड्यांत सगळं संपलेलं असू शकतं.

आता उदाहरण, अर्नेस्ट लफ या इंग्रज मुलाच्या रेकॉर्डचं. इथे बसलेल्या बहुतेकांनी ते ऐकलेलं आहे, तरी मला त्यावर सविस्तर बोलायचंय.

लंडनला फ्लीट स्ट्रीटवरून एका बोळातून आत गेलं की टेम्पल चर्च लागतं. नाइट्स टेम्प्लर या धर्मयोद्ध्यांच्या संघाने बांधलेलं, गोल भाग ११८५ सालचा, पुढचा लांबट भाग १२४०चा. आज ते इनर टेम्पल आणि मिडल टेम्पल या दोन वकिली संस्थांचं चर्च आहे. गांधीजी इनर टेम्पलमधून बॅरिस्टर झाले, तेव्हा हे त्यांच्या संस्थेचं चर्च. बाबासाहेब मात्र ग्रेज इनचे, ती संस्था वेगळी. आपल्याकडे ‘बॅरिस्टर म्हणजे टेम्पल’ असं सरसकट सांगतात, म्हणून हे स्पष्ट केलं. असो.

१९२७च्या मार्च महिन्यात एचएमव्हीची ध्वनिमुद्रणाची गाडी या चर्चबाहेर येऊन उभी राहिली. यंत्रं गाडीत, मायक्रोफोन आत, मधे केबल. त्याआधी गाणाऱ्याने कंपनीच्या खोलीत जायचं आणि भोंग्यात तोंड घालून गायचं, ही पद्धत. १९२५ साली विजेवरचं ध्वनिमुद्रण सुरू झालं आणि दोनच वर्षांत कंपनी गायकाच्या दारात आली. ऑर्गनवर बसून गायकवृंद सांभाळत होते जॉर्ज थॅल्बेन-बॉल, मूळचे सिडनीचे. रचना जर्मन संगीतकार मेंडेलसोनची, १८४४ची, ‘हिअर माय प्रेअर’. तिच्याच शेवटच्या भागाला लोक ‘ओ फॉर द विंग्ज ऑफ अ डव्ह’ म्हणतात. गाणारा मुलगा अर्नेस्ट लफ. मायक्रोफोनच्या उंचीला यावा म्हणून त्याला पुस्तकांवर उभं केलं होतं, असं सांगतात.

त्या काळी ध्वनिमुद्रण जाड मेणाच्या तबकडीवर होई. ते मेण लगेच वाजवून बघायची सोय नाही. वाजवलं की बिघडलं. त्यापासून धातूचा साचा करायचा आणि साच्याने रेकॉर्डी छापायच्या. बारा इंची रेकॉर्डच्या एका बाजूला साधारण साडेचार मिनिटं. शेवटच्या ओळीत एखाद्या पोराला खोकला आला, तर नवं मेण आणि पुन्हा पहिल्यापासून. अशा दोन बाजू, मिळून एक रेकॉर्ड, क्रमांक सी १३२९.

ही रेकॉर्ड इतकी खपली की साचे झिजले. अक्षरशः झिजले! आता कंपनीने काय करावं? १९२८च्या मार्चमध्ये गाडी पुन्हा आली. तेच चर्च, तोच ऑर्गन, तेच थॅल्बेन-बॉल, तोच लफ. पुन्हा गाऊन घेतलं आणि नवी रेकॉर्ड बाजारात आणली. क्रमांक कोणता? सी १३२९. तोच! १९६२ साली कंपनीने लफला सोन्याची रेकॉर्ड दिली, खप दहा लाखांपर्यंत गेल्याबद्दल. ते दहा लाख दोन्ही ध्वनिमुद्रणं मिळून.

जरा हिशोब करा. लफचा जन्म नोव्हेंबर १९११चा. पहिल्या वेळी तो पंधरा वर्षं चार महिन्यांचा, दुसऱ्या वेळी सोळा वर्षं चार महिन्यांचा. लेबलवर हे कुठेही नाही. ‘मास्टर अर्नेस्ट लफ’ वाचलं की आपल्या डोळ्यांसमोर नऊ-दहा वर्षांचं गोबऱ्या गालांचं पोर येतं. प्रत्यक्षात काही वर्षांची तालीम पचवलेला, दाढीमिशा फुटण्याच्या वयाचा मुलगा गातोय. श्वासावरचा तो ताबा दहा वर्षांच्या मुलाला कुठून येणार? आजच्या मुलांचे आवाज बारा-तेराव्या वर्षी बदलायला लागतात. पूर्वी ते बरेच उशिरा बदलत. अठराव्या शतकात लाइपझिगला संगीतकार बाखच्या हाताखाली गाणाऱ्या मुलांच्या नोंदी अभ्यासकांनी तपासल्या, तेव्हा सरासरी वय सतराच्या आसपास निघालं. म्हणजे लफची रेकॉर्ड हा अशा गळ्याचा पुरावा आहे, जो आज सहसा घडतच नाही. ‘देवदूताचा आवाज’ म्हणून मान डोलावणं मला म्हणूनच खटकतं. देवदूत म्हटलं की त्या मुलाची मेहनत गेली, मास्तरांची तालीम गेली, वय गेलं. गाऊन झाल्याबरोबर तो मुलगा वारला, अशाही अफवा इंग्लंडात होत्या. लफ पुढे बॅरिटोन, म्हणजे पुरुषी मधल्या पट्टीचा गायक झाला, त्याच चर्चच्या गायकवृंदात कितीतरी वर्षं गायला, जाहिरातीच्या धंद्यात नोकरी केली आणि २००० साली अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी गेला. त्याचे मुलगेही तिथे गायले.

आता माझी तक्रार, ती मी प्रत्येक ठिकाणी करतो आणि इथेही करणार. काही वर्षांपूर्वी मी या आवाजांची एक सीडी परदेशातून मागवली. कंपनीचं नाव घेत नाही. पुस्तिका गुळगुळीत, चित्रं सुंदर, लफच्या नावापुढे फक्त ‘१९२७’. मूळ मॅट्रिक्स क्रमांक, म्हणजे त्या मेणाच्या तबकडीला दिलेला क्रमांक नाही, टेक, म्हणजे कितव्या वेळचं गाणं, तेही नाही. रेकॉर्डवर खाचा संपतात आणि लेबल सुरू होतं, त्या मधल्या गुळगुळीत पट्टीवर हे आकडे उमटलेले असतात. रेकॉर्ड दिव्याखाली तिरकी धरली की वाचता येतात. ज्याने सीडी केली त्याच्या हातात ती रेकॉर्ड होती. एक मिनिटाचं काम. मी पत्र लिहिलं. उत्तर आलं, की सर्वसामान्य श्रोत्याला या तपशिलाची गरज नसते. मंडळी, मी सर्वसामान्य श्रोता आहे आणि मला गरज आहे!

आणि तेवढ्यावर थांबले नाहीत. खरखर काढायची म्हणून आवाज असा धुऊन काढला होता, की ओळ संपल्यावर त्या दगडी वास्तूत जो नाद रेंगाळतो तोच नाहीसा झाला. तो नाद खरखरीइतकाच बारीक असतो, तिच्यातच मिसळलेला. एकाला काढलं की दुसराही जातो. ज्या चर्चमध्ये पोचण्यासाठी १९२७ साली गाडी आणि केबल घेऊन माणसं गेली, ते चर्चच यांनी पुसलं. मी ती सीडी इथे आणलेली नाही, आणणारही नाही. आज आपण रेकॉर्डच लावणार आहोत.

आयोजकांनी दहा मिनिटांची चिठ्ठी दिली आहे. वेगाचा मुद्दा राहिलाय आणि खरं तर मी त्यासाठीच आलो होतो, तेव्हा भरभर सांगतो.

भोंग्याच्या काळात सेकंदाला अडीच हजार कंपनांच्या वरचं फारसं काही मेणावर उमटत नसे. मुलगा वरच्या ‘जी’ला गेला, म्हणजे सुमारे ७८४ कंपनं, की त्याच्या दुप्पट आणि तिप्पट नादापर्यंतच यंत्राची धाव. आवाजाचा पोत ज्याच्यामुळे कळतो तो त्याच्या वरचा भाग गेला. म्हणून त्या रेकॉर्डींतली सगळी मुलं बासरीसारखी आणि एकमेकांसारखी वाजतात. दोष मुलांचा नाही. (याच काळातला इटालियन गायक मोरेस्की अनेक जण या यादीत घालतात. १९०२ साली ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गेसबर्गच्या माणसांनी रोममध्ये त्याला मुद्रित केलं, त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात गेसबर्गने कोलकात्यात गौहरजानला. पण मोरेस्की कास्त्रातो होता, म्हणजे आवाज फुटू नये म्हणून लहानपणीच खच्ची केलेला गायक, आणि तेव्हा चव्वेचाळिशीला आलेला पुरुष. त्याला इथे घालू नका.)

त्यात वेग. ‘अठ्ठ्याहत्तरची रेकॉर्ड’ म्हणतो आपण, पण भोंग्याच्या काळात सत्तरपासून ब्याऐंशीपर्यंत काहीही चाले. अठ्ठ्याहत्तरची तबकडी साडेब्याऐंशीने फिरवलीत, तर काळी चारचं गाणं जवळजवळ पांढरी सहाला, म्हणजे पेटीवरच्या पुढच्याच सुराला जातं. नुसता सूर चढत नाही, स्वरवर्णही वर सरकतात, गळा लहान वाटतो, मुलगा वर्ष-दोन वर्षांनी धाकटा होतो. उलट हळू फिरवलीत तर आवाज फुटायला आलाय असं वाटतं. म्हणजे वेग चुकला की वय चुकलं.

खरा वेग शोधायचा तर बरोबरच्या वाद्याची पट्टी माहीत हवी. टेम्पल चर्चचा तो ऑर्गन १० मे १९४१च्या बाँबहल्ल्यात जळाला. आज तिथे आहे तो दुसरा, १९५४ साली बसवलेला. जाऊन पट्टी लावून बघावी म्हटलं, तर वाद्यच उरलेलं नाही. नंतर टेप आली आणि हा प्रश्न बराच सुटला. १९६३ साली केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजमध्ये बारा वर्षांच्या रॉय गुडमनने अल्लेग्री या जुन्या इटालियन संगीतकाराच्या ‘मिझेरेरे’ या प्रार्थनागीतामध्ये वरचा ‘सी’ लावला, त्या सुराबद्दल कुणाला शंका घ्यावी लागत नाही. त्यावर बोलायला आज वेळ नाही.

आपल्याशी याचा संबंध एवढाच, की बालवयातल्या कुमार गंधर्वांच्या तबकड्या आपल्यातल्या काहींच्या घरी आहेत. तिथे ऑर्गन नाही, पण पेटी आहे, आणि पेटीला मधला सूर नसतो. कुठल्या तरी पट्टीवर बसेल असा वेग शोधला, की दोन किंवा तीनच शक्यता उरतात. त्यातली कुठली खरी, हे तारीख आणि वय माहीत असेल तर ठरवता येईल. ज्यांच्याकडे या तबकड्या आहेत त्यांनी मधल्या पट्टीवरचे आकडे उतरवून मला द्या, सी १३२९ असेल तर तिचेही. कागद आणि पेन्सिल मागच्या टेबलावर ठेवलंय. पुसट असतील तर दिवा समोरून न धरता बाजूने धरा.