होडी पाण्यात बसत का नाही? जलरंगातला जुना धक्का

नमस्कार मंडळी! महिनाभर एकच प्रश्न येतोय: "ताई, होडी छान जमते, पण ती पाण्यात आहे असं वाटतच नाही." काहींनी चित्रंही पाठवलीत. मी सगळी बघितली, आणि बहुतेकांचं एकाच जागी अडतंय: होडी पाण्याला भिडते त्या कडेशी. आज फक्त त्या जागेबद्दल बोलू.

सामान पटकन सांगते. ३०० जीएसएमचा कॉटन कागद, १२ आणि ६ नंबरचे गोल ब्रश. रंग चार: अल्ट्रामरीन, बर्न्ट सिएना, यलो ऑकर आणि एक लाल. पहिले दोन मिसळले की जो राखाडी होतो, त्यात अख्खा धक्का निघतो. कंपनी कुठली, हे खाली शंभर जणांनी विचारलंय. खरं सांगते, कंपनी बदलून होडी पाण्यात बसणार नाही. तो वेळ पाण्याकडे बघण्यात घालवा.

आज समोर आहे ससून डॉक. कुलाब्यातला मासळीचा धक्का, १८७५ सालचा. त्याची भिंत नीट बघा: जिथवर भरती चढते तिथवर दगड काळपट, शेवाळलेला, आणि वर एकदम फिकट. ती रेघ चुकवू नका, धक्क्याचं वय तिथेच दिसतं.

काही वर्षांपूर्वी एका पौर्णिमेला मी दुपारी बारा वाजता अशाच एका धक्क्यावर चित्राला बसले. भरती पूर्ण होती आणि होडीचा काठ माझ्या पायाशी. तासाभरात पाणी उतरायला लागलं, होडी खाली गेली, आणि मी मात्र पेन्सिलीच्या जुन्या रेघांवरच रंग भरत राहिले. शेजारी जाळं विणत बसलेले एक काका कागदात डोकावले. म्हणाले, "पोरी, ही बोट रिकामी पण नाय, भरलेली पण नाय. ही पाण्यात बसलीच नाय."

माझ्या शिक्षणातलं ते सगळ्यात मोलाचं वाक्य. मासळी भरली की होडी खोल बसते, रिकामी असली की तळाचा लाल पट्टा वर येतो. दर्यावर्दी माणूस आधी तेच बघतो. आपण मात्र डोलकाठी आणि झेंडे रंगवत बसतो.

[कॅमेरा कागदावर]

आता पेन्सिल. वरचा काठ काढा, नाळेची, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाची, चढण काढा. तळाची रेघ काढू नका! तळ पाण्याखाली आहे, तो आपल्याला दिसत नाही. तिथे रेघ मारली की होडी काचेवर ठेवल्यासारखी दिसते.

रंगातही तेच. होडीची बाजू रंगवताना ब्रश पाण्याच्या कडेशी थांबवू नका. रंग ओला आहे तोवर स्वच्छ, ओलसर ब्रशने तो खाली पाण्यात ओढा. हे बघा... असा. कडा दोन-तीन ठिकाणी विरघळू द्या. एक-दोन ठिकाणी राहिली तर राहू दे. "ताई, माझा रंग आधीच वाळतो," असं एकांनी लिहिलंय. मग पाण्याचा भाग आधीच ओला करून घ्या. वाळलेल्या कडेवर पुन्हा पुन्हा घासू नका, कागदाचा लगदा होईल.

आणि प्रतिबिंब. पुन्हा तीच कडा, आता खालून बघू. प्रतिबिंब सरळ खाली येतं, सावलीसारखं तिरकं पडत नाही. गडद होडीचं प्रतिबिंब होडीपेक्षा किंचित फिकं, पांढऱ्या होडीचं किंचित गडद. काठी उजवीकडे कललेली असेल तर पाण्यातही ती उजवीकडेच कलते. मला येणाऱ्या चित्रांमध्ये ती हमखास डावीकडे असते. होडी आणि प्रतिबिंब वेगवेगळे रंगवले की मधे ती कडक रेघ परत येतेच, म्हणून दोन्ही एका दमात.

बसायला कधी जायचं? कोकणातला जुना हिशोब आहे: तिथीला पाऊणने गुणा, भरतीची साधारण वेळ मिळते. चतुर्थीला तीन वाजता. भरती पूर्ण झाली की पाणी थोडा वेळ थबकतं, तेवढ्यात होडीची जागा ठरवून टाका. नंतर ती कितीही खाली जाऊ दे, कागदावरची हलवू नका. आणि डॉकवर कॅमेरा काढायच्या आधी विचारा. लोक तिथे कामावर असतात.

अजून एक. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, आणि होड्या नारळाच्या विणलेल्या झापांखाली किनाऱ्यावर ओढलेल्या असतात. तेव्हा वही घेऊन जा आणि नुसते तळ काढा. एरवी पाण्याखाली असतो तो सगळा फुगवटा, तो कणा, समोर उघडा असतो. नारळी पौर्णिमेनंतर तीच होडी पाण्यात बघाल, तेव्हा कुठे थांबायचं ते हाताला कळलेलं असेल.