टेनिसमध्ये सर्वश्रेष्ठ कोण? नुसते ग्रँड स्लॅम मोजून उत्तर मिळत नाही

नमस्कार मंडळी! टेनिसमधला सर्वकालीन सर्वश्रेष्ठ खेळाडू कोण, या प्रश्नावर बहुतेक जण दहा सेकंदांत निकाल देऊन मोकळे होतात. ग्रँड स्लॅम म्हणजे ऑस्ट्रेलियन ओपन, फ्रेंच ओपन, विम्बल्डन आणि यूएस ओपन या चार सगळ्यात मोठ्या स्पर्धा. त्यांची एकेरीची विजेतेपदं मोजायची: जोकोविच २४, नदाल २२, फेडरर २०. आकडे समोर आहेत, मग वाद कसला? मला हा निकाल मान्य नाही. आणि आज शेवटी मी जे नाव घेणार आहे, ते या तिघांपैकी कुणाचंच नाही.

त्याआधी रॉय इमर्सनबद्दल बोलू. नाव ऐकलंय? ऑस्ट्रेलियाचा खेळाडू, एकेरीची १२ ग्रँड स्लॅम विजेतेपदं. पुरुष एकेरीत सर्वाधिक ग्रँड स्लॅम जिंकण्याचा विक्रम १९६७ पासून थेट २००० पर्यंत याच्या नावावर होता. पीट सँप्रासनं २००० मध्ये विम्बल्डन जिंकून तेरावं विजेतेपद मिळवलं, तेव्हा कुठे तो मोडला. म्हणजे तीस वर्षांहून जास्त काळ, नुसते आकडे बघायचे झाले तर, इमर्सन जगातला सर्वश्रेष्ठ टेनिसपटू होता. पण त्या काळात असं म्हणणारा माणूस शोधून सापडला नसता.

का? कारण १९६८ पर्यंत ग्रँड स्लॅम स्पर्धा फक्त हौशी खेळाडूंसाठी होत्या. पैसे घेऊन खेळणाऱ्या व्यावसायिकांना तिथे दार बंद. रॉड लेव्हरनं १९६२ मध्ये एकाच वर्षी चारही ग्रँड स्लॅम जिंकले आणि तो व्यावसायिक झाला. त्याबरोबर १९६३ ते १९६७ ही सगळी वर्षं त्याची ग्रँड स्लॅमपुरती गेली. पाच वर्षं, वीस स्पर्धा, वयाच्या पंचविशीपासून पुढे, ऐन उमेदीत. आणि इमर्सनच्या १२ पैकी १० विजेतेपदं नेमकी त्याच पाच वर्षांतली आहेत!

इमर्सन वाईट खेळायचा असं नाही, फार तंदुरुस्त आणि चिवट खेळाडू होता तो. पण व्यावसायिक झालेले लेव्हर नाही, केन रोझवॉल नाही, पांचो गोंझालेस नाही, अशा मैदानात तो जिंकत होता. आता याच न्यायानं लेव्हरचं १९६२ चं यशसुद्धा थोडं तपासून बघावं लागतं. तो व्यावसायिकांमध्ये गेला तेव्हा रोझवॉल आणि लू होड या दोघांनी सुरुवातीला त्याला सपाटून मार दिला. हौशी विजेता आणि खरा अव्वल खेळाडू यात केवढं अंतर होतं, हे तिथे दिसलं. लेव्हरनं ते भरून काढलं, व्यावसायिकांमध्येही वरचा क्रमांक मिळवला, आणि १९६८ मध्ये दारं उघडल्यावर पुढच्याच वर्षी पुन्हा चारही ग्रँड स्लॅम जिंकून दाखवले. या वेळी सगळे समोर असताना. त्यानंतर एका वर्षात चारही जिंकणारा दुसरा पुरुष आजपर्यंत झालेला नाही. त्याच्या नावावर एकूण ११ दिसतात. त्या ११ ची जोकोविचच्या २४ शी वजाबाकी करून काय हाती लागणार आहे?

दुसरी अडचण अशी की जुने खेळाडू ग्रँड स्लॅम मोजत बसलेच नव्हते. ब्यॉन बोर्ग ऑस्ट्रेलियन ओपन आख्ख्या कारकिर्दीत एकदाच खेळला, १९७४ मध्ये. तरी त्याचेही ११ आहेत, आणि शेवटचं ग्रँड स्लॅम एकेरीत खेळला तेव्हा तो अवघ्या २५ वर्षांचा होता. जिमी कॉनर्सनं १९७४ मध्ये चारपैकी तीन ग्रँड स्लॅम जिंकले. चौथं, म्हणजे फ्रेंच ओपन, त्याला खेळूच दिलं नाही, कारण त्यानं वर्ल्ड टीम टेनिस या अमेरिकेतल्या सांघिक लीगशी करार केला होता. आज असं काही झालं तर केवढा गहजब होईल, कल्पना करा.

[स्क्रीनवर: विम्बल्डन २००१ आणि २००२, अंतिम सामने]

आता कोर्टांकडे या. हा भाग मला सगळ्यात जास्त आवडतो. २००१ चा विम्बल्डनचा अंतिम सामना: गोरान इव्हानिसेविच आणि पॅट राफ्टर. सर्व्हिस केली की नेटकडे धाव, तिथेच पॉइंट संपवायचा, म्हणजे सर्व्ह-अँड-व्हॉली. पुढच्याच वर्षीचा अंतिम सामना: लेटन ह्युइट आणि डेव्हिड नलबँडियन. दोघंही बेसलाइनवर, म्हणजे कोर्टच्या मागच्या रेषेवर, मुक्काम ठोकून. एका वर्षात हा फरक! मधल्या काळात विम्बल्डननं गवताचं मिश्रण बदललं होतं आणि पूर्ण राय गवत लावलं होतं. त्यानं कोर्ट टणक राहतं, चेंडूची उसळी वर येते, रिटर्न करणाऱ्याला अर्धा श्वास जास्त मिळतो. त्याच सुमारास पॉलिस्टर तारांच्या रॅकेट सर्रास झाल्या. जोरात फटका मारला तरी टॉपस्पिनमुळे, म्हणजे चेंडूला पुढच्या दिशेनं दिलेल्या फिरकीमुळे, तो आतच पडायला लागला, आणि नेटकडे पळत येणाऱ्याच्या पायाशी सोडता यायला लागला. सर्व्ह-अँड-व्हॉली तिथे संपली. शिवाय २००१ पासून ग्रँड स्लॅममध्ये मानांकित खेळाडू (सुरुवातीलाच एकमेकांसमोर येऊ नयेत म्हणून वेगवेगळे ठेवलेले वरचे खेळाडू) सोळाऐवजी बत्तीस झाले, म्हणजे अव्वल खेळाडूंना पहिल्या दोन फेऱ्यांत दुसरा मानांकित भेटेनासा झाला.

याचा अर्थ एकच खेळ घेऊन चारही ठिकाणी जिंकणं पूर्वीपेक्षा शक्य झालं. बोर्ग १९७८, ७९ आणि ८० अशी सलग तीन वर्षं फ्रेंच ओपन आणि विम्बल्डन पाठोपाठ जिंकला, तेव्हा त्याला दोन आठवड्यांत जवळपास दुसराच खेळ शिकून यावं लागायचं. पॅरिसमध्ये मागे उभं राहून तासन्‌तास रॅली, आणि लंडनमध्ये सर्व्हिसमागे नेटवर.

पण म्हणून जोकोविच, नदाल आणि फेडरर या तिघांचं यश स्वस्त आहे असं समजू नका. २००३ च्या विम्बल्डनपासून २०२३ च्या यूएस ओपनपर्यंत ८१ ग्रँड स्लॅम झाले, त्यातले ६६ या तिघांनी नेले. आणि प्रत्येकाला जिंकताना उरलेले दोघं आडवे येत होते. नदालची रोलाँ गॅरोसवरची, म्हणजे फ्रेंच ओपनमधली, कामगिरी ११२ विजय आणि ४ पराभव अशी आहे. ४! त्यातला एक तर अगदी शेवटच्या वर्षी, २०२४ मध्ये, शरीर साथ देत नसताना. एका स्पर्धेवर इतकी सत्ता कुठल्याच पुरुषानं गाजवलेली नाही.

तिघांमध्येच निवड करायची असेल तर माझं उत्तर जोकोविच. एकमेकांविरुद्धचा हिशोब बघा: फेडररविरुद्ध २७-२३, नदालविरुद्ध ३१-२९. प्रत्येक ग्रँड स्लॅम किमान तीनदा. अव्वल क्रमांकावर ४२८ आठवडे. रोलाँ गॅरोसवर नदालला दोनदा हरवणारा एकमेव माणूस. २०२४ मध्ये, ३७ व्या वर्षी, अल्काराझला हरवून ऑलिंपिक सुवर्ण. कुणी म्हणतं, बाकीचे दोघं थकल्यावर यानं विजेतेपदं गोळा केली. त्याच्या २४ पैकी १२ तिशी ओलांडल्यावरची आहेत, हे खरं. पण तिशीनंतर १२ ग्रँड स्लॅम जिंकायचे तर शरीर आणि डोकं दोन्ही किती जपावं लागतं! तो त्याच्या मोठेपणाचाच भाग आहे.

आणि २०१९ चा विम्बल्डनचा अंतिम सामना तर आहेच. पाचवा सेट, फेडरर ८-७ नं पुढे, सर्व्हिस त्याचीच, ४०-१५. दोन चॅम्पियनशिप पॉइंट. पहिल्यावर फेडररचा फोरहँड बाहेर गेला. दुसऱ्यावर तो फोरहँड मारून नेटवर आला आणि जोकोविचनं क्रॉसकोर्ट फोरहँडचा पासिंग शॉट मारला, चेंडू त्याच्या बाजूनं निघून गेला. सेंटर कोर्टवरची बहुतेक गर्दी फेडररच्या बाजूनं ओरडत होती. पुढे १२-१२ वर टायब्रेक झाला आणि तोही जोकोविचनं घेतला. त्या सामन्यात एकूण पॉइंट कुणी जास्त जिंकले? फेडररनं. २१८ विरुद्ध २०४. म्हणजे १४ पॉइंट जास्त जिंकून माणूस हरला. तिन्ही टायब्रेक जोकोविचचे. जे पॉइंट गमावून चालत नाही, ते गमवायचे नाहीत, ही कला त्याच्याइतकी कुणाकडेच नव्हती.

एवढं बोलून झालं आणि अजून एकाही बाईचं नाव आलेलं नाही, लक्षात आलं? या विषयावर बोलताना नेहमी हेच होतं, आणि ते मला खटकतं. सेरेना विल्यम्सची २३, स्टेफी ग्राफची २२, मार्गारेट कोर्टची २४ ग्रँड स्लॅम विजेतेपदं आहेत. आकडेच मोजायचे तर ही नावं पहिल्याच वाक्यात यायला हवीत.

इथेही आकड्यांमागे बघावं लागतं. मार्गारेट कोर्टच्या २४ पैकी १३ विजेतेपदं १९६८ च्या आधीची. ११ ऑस्ट्रेलियातली, आणि त्या काळी परदेशातल्या अनेक चांगल्या खेळाडू तिथे जायच्याच नाहीत. ग्राफनं १९८८ मध्ये चारही ग्रँड स्लॅम आणि ऑलिंपिक सुवर्ण एकाच वर्षी जिंकलं, जे एकेरीत दुसऱ्या कुणालाच जमलेलं नाही. पण १९९३ च्या एप्रिलमध्ये हॅम्बुर्गला सामना सुरू असताना एका माणसानं मोनिका सेलेसच्या पाठीत चाकू खुपसला. त्याआधी सेलेस जे शेवटचे आठ ग्रँड स्लॅम खेळली होती, त्यातले सात तिनं जिंकले होते. वय फक्त १९. ग्राफची ११ विजेतेपदं त्या दिवसाच्या आधीची आणि ११ नंतरची. यात ग्राफचा काडीचाही दोष नाही. पण टेनिसच्या इतिहासातला हा सगळ्यात मोठा अन्याय आहे, आणि २२ हा आकडा त्याच्याशिवाय वाचता येत नाही.

सेरेनाच्या सर्व्हिसइतकं प्रभावी हत्यार महिला टेनिसमध्ये दुसरं झालेलं नाही असं मी मानतो. १९९९ मध्ये पहिलं ग्रँड स्लॅम, २०१७ मध्ये शेवटचं, तेही गरोदर असताना. बाळंतपणानंतर परत येऊन आणखी चार अंतिम सामने गाठले. एकाच सामन्यासाठी, प्रत्येकीच्या सर्वोत्तम दिवशी, कुणाला निवडाल असं विचारलं तर मी सेरेनाला निवडेन.

पण सबंध कारकीर्द बघायची तर माझं उत्तर आहे मार्टिना नवरातिलोवा.

[स्क्रीनवर: १८ + ३१ + १० = ५९]

एकेरीची १८ ग्रँड स्लॅम, महिला दुहेरीची ३१, मिश्र दुहेरीची १०. आज आपण दुहेरी बाजूला काढून टाकतो, कारण बहुतेक अव्वल एकेरी खेळाडू ती फारशी खेळत नाहीत. नवरातिलोवा एकेरीत जगात पहिली असताना दुहेरीतही पहिली होती. व्हॉली, रिफ्लेक्स, जोडीदाराबरोबर कोर्ट वाटून घेणं, हे सगळं टेनिसच आहे. पॅम श्रायव्हरबरोबर तिनं दुहेरीचे सलग १०९ सामने जिंकले. १९८७ च्या यूएस ओपनमध्ये एकेरी, दुहेरी आणि मिश्र दुहेरी, तिन्ही विजेतेपदं एकाच स्पर्धेत. लिअँडर पेसबरोबर २००३ मध्ये दोन मिश्र दुहेरी जिंकली, आणि २००६ मध्ये पन्नाशीला महिनाभर बाकी असताना बॉब ब्रायनबरोबर शेवटचं.

आणि एकेरीत? १९८२ ते १९८६ या पाच वर्षांत मिळून ती १४ सामने हरली. १९८३ मध्ये आख्ख्या वर्षात एकच, फ्रेंच ओपनमध्ये १७ वर्षांच्या कॅथी होरवाथकडून. पुढच्या वर्षी सलग ७४ सामने जिंकली.

हे आपोआप झालं नाही. १९८१ मध्ये अमेलिया आयलंडच्या अंतिम सामन्यात ख्रिस एव्हर्टनं तिला ६-०, ६-० असं धुतलं होतं. त्या काळात तिनं बास्केटबॉलपटू नॅन्सी लीबरमनबरोबर वजनं उचलणं, धावणं असा कसून व्यायाम सुरू केला, आहार बदलला, डावपेचांसाठी प्रशिक्षक वेगळा ठेवला. आज प्रत्येक अव्वल खेळाडूभोवती अशी माणसं असतात. तेव्हा महिला टेनिसमध्ये हे कुणी करत नव्हतं, आणि तिच्या दंडांचे स्नायू बघून लोक नाकं मुरडायचे. नंतर आलेल्या सगळ्या जणी त्याच वाटेनं गेल्या.

आता यावर एक खणखणीत आक्षेप येऊ शकतो: तिन्ही प्रकार मोजायचे तर मार्गारेट कोर्टची एकूण ६४ आहेत, ५९ पेक्षा जास्त. बरोबर. पण इमर्सनला जो न्याय लावला तोच इथे लावतो. नवरातिलोवाचं सगळं यश खुल्या युगातलं, म्हणजे १९६८ नंतरचं आहे, सगळे दरवाजे उघडे असताना मिळवलेलं. समोर एव्हर्टसारखी प्रतिस्पर्धी, जिच्याशी ती एकेरीत ८० वेळा खेळली, त्यातले ६० अंतिम सामने. हिशोब नवरातिलोवाच्या बाजूनं ४३-३७. ग्राफ तिच्यापेक्षा बारा वर्षांनी लहान, तिच्याशी ९-९ अशी बरोबरी.

माझ्या या निकालाला खरा धोका मार्गारेट कोर्टपेक्षा एव्हर्टकडून आहे. एव्हर्टची एकेरीची ग्रँड स्लॅमसुद्धा १८ च. आणि १९७६, ७७, ७८ ही तीन वर्षं ती फ्रेंच ओपन खेळलीच नाही, टीम टेनिससाठी. ऑगस्ट १९७३ ते मे १९७९ या काळात ती क्ले कोर्टवर, म्हणजे फ्रेंच ओपनसारख्या मातीच्या कोर्टवर, एकही सामना हरलेली नव्हती. सलग १२५ विजय! पॅरिसमधली ती तीन विजेतेपदं तिच्या खात्यात धरायची की नाही? मी धरत नाही, कारण न खेळलेला सामना मला जिंकलेला म्हणता येत नाही. पण मग लेव्हरची पाच वर्षं मी मनात का धरतो? फरक माझ्या मते इतकाच, की लेव्हरला बाहेर ठेवलं होतं आणि एव्हर्टनं स्वतः दुसरीकडे खेळायचं ठरवलं होतं. हा फरक पुरेसा वाटत नसेल, तर एव्हर्टची बाजू मांडा. मला ती मनापासून ऐकायची आहे.