30 फुटी घ्यावी की 40 फुटी?

नमस्कार मंडळी. मागच्या व्हिडिओत मी शीड कमी करण्याबद्दल बोललो, आणि खाली निम्म्या कमेंट भलत्याच विषयावर: "दादा, शिडाची बोट 30 फुटी घेऊ की 40 फुटी?" एकाने तर उत्तरही देऊन टाकलंय. "दहा फुटांनी असा काय फरक पडतो? दोन गाद्या जास्त." तर त्या दोन गाद्यांवर आज बोलू.

सगळ्यांना माहीत असलेलं आधी उरकतो. 40 फुटीत ताठ उभं राहता येतं, न्हाणीघर धड असतं, पाण्याची टाकी मोठी असते. 30 फुटीत एकाने पँट चढवायची तर दुसऱ्याने बाहेर जाऊन बसायचं. मरीनाचं, म्हणजे बोट लावायच्या जागेचं, भाडं बहुतेक ठिकाणी लांबीवर, म्हणजे मोठीला जास्त. झालं.

वेगाचं सांगतो, कारण त्यावर वाद फार. पाण्याला टेकलेली लांबी फुटांत घ्या, तिचं वर्गमूळ काढा, 1.34 ने गुणा. जड बोटीचा वेग साधारण तिथे अडतो, कारण तिथून पुढे ती स्वतःच उठवलेल्या लाटेवर चढू पाहते. 25 फूट पाण्यात असतील तर 6.7 नॉट, 36 असतील तर 8. (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल.) प्रवासात सरासरी याहून कमीच पडते. धाकटी 5 ने चालली आणि थोरली 6 ने, तर दिवसाला 120 आणि 144 सागरी मैल. आठवडाभराच्या पल्ल्यात एक दिवस वाचला. तोही वाऱ्याने साथ दिली तर.

आता माझ्या दुखऱ्या नसेवर येतो. लोक बोट लांबीने मोजतात. अहो, बोट म्हणजे दोरी आहे का? 30 आणि 40, म्हणजे 3 आणि 4. एकाच आकाराची बोट तशीच्या तशी मोठी केली की शिडाचं क्षेत्रफळ वर्गाने वाढतं, 9 चे 16. वजन घनाने वाढतं, 27 चे 64. लांबी तिसऱ्या हिश्श्याने वाढली आणि वजन दुपटीच्याही वर गेलं. साडेचार टनांची बोट दहा टनांच्या पुढे जाते. कुठे गेल्या तुमच्या दोन गाद्या?

आकडे पटत नसतील तर हे बघा. माझ्या डाव्या हातात 8 मिलिमीटरच्या साखळीचा तुकडा, 30 फुटीला चालते ती. उजव्यात 10 ची, 40 फुटीची. कॅमेऱ्यात सारख्याच दिसतात, हो ना? मीटरला ही दीड किलोच्या जवळ, ही सव्वादोनच्या. आता 10 मीटर खोलीत नांगर तळ सोडून अधांतरी लटकला की धाकटीवर 10 किलोचा नांगर धरून 25 किलो ओढायचे. थोरलीवर नांगरच 20 चा, म्हणजे 40 च्या वर. "पण विंडलास असतो ना!" असतो, साखळी ओढणारं यंत्र. ज्या पहाटे वारा फिरतो आणि बोट खडकांकडे सरकायला लागते, नेमकं त्याच पहाटे त्याचं बटण दाबल्यावर नुसतं टक् वाजतं.

तिसऱ्यांदा सांगतो, आणि हे स्वतःच्या अब्रूची किंमत मोजून. मी अनेक वर्षं 30 फुटी चालवली. धक्क्याला लागताना थोडं चुकलं की पाय बाहेर काढायचा, शेजारच्या बोटीला हलकेच रेटायचं. (असं करू नका. सगळे करतात.) मग एका मित्राने त्याची 40 फुटी दिली. वेग जेमतेम एक नॉट, माणूस रमतगमत चालतो त्याहून कमी. बाजूने वारा आला, बोटीचं नाक वळलं, आणि मी सवयीने शेजारच्या बोटीच्या कठड्याचा खांब धरून रेटलं. आमची बोट थांबली नाही. खांब वाकला. माझ्या मुठीत, सावकाश, मेणाचा असल्यासारखा. शेजारचे काका चहाचा कप घेऊन वर आले आणि काही बोललेच नाहीत. ते जास्त लागलं. खांबाचे पैसे भरले. खांबाऐवजी तिथे माझा पाय असता तर आज हा व्हिडिओ खुर्चीत बसून केला असता.

मोठ्या बोटीचा मी वैरी नाही. बोट उलटण्याला होणारा विरोध लांबीच्या चौथ्या घाताने वाढतो, 81 चे 256. लाटांवर ती कमी उडते, रात्री झोप लागते. पण "समुद्र ओलांडायला 40 हवीच" हे ऐकलं की डोकं फिरतं. 1968-69 मध्ये रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन 32 फुटी 'सुहैली'तून एकटे, कुठेही न थांबता जग फिरून आले. आपले अभिलाष टॉमी 2012-13 मध्ये 56 फुटी 'म्हादेई'तून एकटे फिरले, आणि 2022-23 च्या गोल्डन ग्लोब या एकट्याने जग फिरायच्या शर्यतीत 36 फुटीतून दुसरे आले. माणूस तोच.

नवरा-बायको दोघंच जाणार असाल तर विकणाऱ्याकडे चाचणी फेरी मागा आणि वारा 15 नॉटच्या पुढे असलेला दिवस निवडा. दोघांपैकी ज्याच्या अंगात ताकद कमी, त्याने एकट्याने मोठं शीड रीफ करायचं, म्हणजे कमी करायचं, मग नांगर हाताने वर घ्यायचा. दुसऱ्याने हात खिशात घालून बसायचं. "थांब, मी करतो" असं त्याच्या तोंडून निघालं की ती बोट तुमच्या मापाची नाही. आणि हो, गाद्यावाले दादा, 40 फुटीत गाद्या दोन नाही, चार जास्त बसतात. मी मोजल्यात.