तलावाचं सहावं वर्ष

नमस्कार श्रोतेहो.

थंडी ओसरायला लागली की नगरपरिषदांच्या कचेऱ्यांत पुढच्या वर्षीच्या अंदाजपत्रकाची जुळवाजुळव सुरू होते. रस्ते, गटारी, पथदिवे, स्मशानभूमीचं शेड अशी यादी वाढत जाते आणि तिच्यात खाली कुठेतरी एक ओळ डोकावते, 'शहरात जलतरण तलाव बांधणे'. या ओळीला सहसा कुणी विरोध करत नाही, कारण तलावाला विरोध करून मतं मिळत नाहीत. पण कुणी फारसं विचारतही नाही. आज आपण विचारू या.

नाशिक महापालिकेबद्दल मी बोलत नाहीये, हे आधीच सांगतो. ती मोठी संस्था. तिचा त्र्यंबक रोडवरचा स्वातंत्र्यवीर सावरकर तलाव, नाशिकरोडचा राजमाता जिजाऊ तलाव आपल्यापैकी अनेकांनी पाहिलेत. कित्येकांनी आयुष्यात पहिल्यांदा नाकातोंडात पाणी घेतलं ते तिथेच. (8 जुलै 1910 ला मार्सेलिसच्या बंदरात बोटीतून उडी टाकून किनारा गाठणारा माणूस आपल्या भगूरचा. त्याचं नाव तलावाला शोभतंच.) माझ्या डोळ्यांसमोर आहे ते सिन्नरएवढं गाव. 2011 च्या जनगणनेत सिन्नरची वस्ती 65 हजारांच्या आसपास होती. अशा गावाची नगरपरिषद, तिची घरपट्टी-पाणीपट्टीची वसुली आणि तिच्याकडे आलेली तलावाची मागणी.

नगरपरिषदांचा कायदा 1965 चा. त्यात कामांचे दोन भाग आहेत. पाणीपुरवठा, सफाई, दिवाबत्ती ही बंधनकारक कामं, ती टाळता येत नाहीत. दुसरी ऐच्छिक, म्हणजे ऐपत असेल तर करा. तलाव या दुसऱ्या भागातला. तेव्हा नळाला आठवड्यातून एकदा पाणी येत असेल तर तलावाचा विषय तिथेच थांबला पाहिजे. मनमाडकरांनी वर्षानुवर्षं पंधरा-पंधरा, वीस-वीस दिवसांनी येणाऱ्या नळाची वाट पाहिली आहे. त्यांच्यासमोर निळ्या फरशीच्या तलावाचं चित्र धरलं तर ते चिडतील, आणि त्यांचं बरोबरच असेल.

आता तलावाला पाणी लागतं तरी किती? लोक इथे दोन्ही बाजूंनी चुकतात. शर्यतींचा मोठा तलाव 50 मीटर लांब, 25 मीटर रुंद, दोन मीटर खोल असतो. त्यात 25 लाख लिटर पाणी बसतं. लहान गावाला त्याची काही गरज नाही. 25 मीटर लांब आणि साडेबारा मीटर रुंद तलाव पुष्कळ झाला. हा आकार नाशिककरांना समजवायला सोपा आहे. 1696 साली बांधलेलं रामकुंड साधारण 27 मीटर बाय 12 मीटरचं आहे. म्हणजे आपण रामकुंडाएवढ्या तलावाबद्दल बोलतोय. त्याची खोली सरासरी चार फूट ठेवली तर पावणेचार लाख लिटर पाणी मावतं. शहरी पाणीपुरवठ्यात माणशी रोज 135 लिटर धरतात. त्या हिशेबाने एकदा तलाव भरणं म्हणजे पावणेतीन हजार माणसांचं एका दिवसाचं पाणी. आकडा मोठा वाटतो, पण हे पाणी रोज बदलत नाहीत. तेच पाणी पंपाने ओढून, वाळूच्या फिल्टरमधून गाळून, औषध घालून परत सोडतात. चांगल्या सार्वजनिक तलावात दर चार ते सहा तासांनी सगळं पाणी एकदा फिल्टरमधून फिरून येतं.

रोज जातं ते वेगळं. एप्रिल-मेच्या उन्हात सात-आठ मिलिमीटर पाणी हवेत जातं. एवढ्या पृष्ठभागावर ते दोन-अडीच हजार लिटर होतं. दोनशे माणसं आधी शॉवर घेणार, वीस-वीस लिटर धरले तर चार हजार. फिल्टर उलटा धुवायला लागतं ते आणखी. मिळून जवळजवळ रोजचा एक टँकर. ज्या गावाला नळाचं पाणी एक दिवसाआड नीट मिळतं, त्याला हे झेपतं. मात्र फरशीचे सांधे निसटले, तळाला चीर गेली, की हा हिशेब कोलमडतो. गळका तलाव किती पाणी पितो हे कुणी मोजतच नाही, कारण तलावाच्या नळाला मीटर नसतो. पहिल्या दिवसापासून मीटर बसवा. एवढ्या साध्या गोष्टीसाठी कुणाला सल्लागार नेमायची गरज नाही.

बांधकामाचे पैसे कुठून येतात? राज्याच्या योजनेतून, जिल्हा नियोजन समितीकडून, आमदार निधीतून, क्रीडा खात्याकडून. थोडक्यात, वरून. भूमिपूजन होतं, कोनशिला बसते, लोकार्पणाला मंडप पडतो. पहिला उन्हाळा जोरात जातो. दुसऱ्याला पंपाचं बेअरिंग जातं. तिसऱ्याला जीवरक्षकांच्या ठेक्याची मुदत संपते आणि नवी निविदा निघेपर्यंत तलाव बंद राहतो. पाणी साचून हिरवं होतं, डास होतात, मग ते काढून टाकतात. कोरडा तलाव उन्हात राहिला की फरशी सुटायला लागते. सहाव्या वर्षी पुन्हा एक ओळ यादीत येते, 'जलतरण तलावाची दुरुस्ती करणे', आणि तिचा खर्च बांधकामाच्या खर्चाकडे बघून हसत असतो. अशा तलावांचे सांगाडे महाराष्ट्रात ठिकठिकाणी दिसतात. बांधायला पैसे नव्हते म्हणून तलाव वाया गेला असं सहसा होत नाही. चालवायचे पैसे कुणी ठरवलेच नव्हते म्हणून जातो. वरून येणारा निधी भिंत बांधतो. पगार, वीजबिल आणि क्लोरीन गावाच्या खिशातून जातं.

म्हणून कागदावर एक हिशेब करून बघू. आकडे अंदाजाचे आहेत, प्रत्येक गावाने आपले घालावेत. सकाळ-संध्याकाळ दोन पाळ्या, प्रत्येक पाळीत दोन जीवरक्षक, साप्ताहिक सुटीसाठी एक जास्तीचा, म्हणजे पाच. दोन पंप ऑपरेटर, एक महिला प्रशिक्षक, एक सफाई कामगार, एक पास देणारा. दहा माणसं. महिना 15 हजार धरले तर वर्षाला 18 लाख. विजेचे साडेतीन लाख, रसायनं आणि किरकोळ दुरुस्ती साडेचार. 26 लाख झाले. आता जमा. तीनशे माणसांनी महिना 500 रुपयांचा पास काढला आणि वर्षातले आठ महिने गर्दी राहिली, तर 12 लाख. (पावसाळ्यात आणि कडाक्याच्या थंडीत आपल्याकडे कोण पाण्यात उतरतं? नाशिकची डिसेंबरातली सकाळ आपल्याला ठाऊक आहे.) तूट 14 लाखांची.

या तुटीला बिचकायचं कारण नाही. 65 हजार वस्तीत वाटली तर माणशी वर्षाला 20-22 रुपये होतात, एका वडापावचा भाव. बागेतून उत्पन्न येत नाही, वाचनालय नफ्यात नसतं, तरी आपण ती चालवतो. फक्त ही 14 लाखांची ओळ दर वर्षीच्या अंदाजपत्रकात वेगळी दिसली पाहिजे, आणि ज्या सभेत तलावाला मंजुरी मिळेल त्याच सभेत पुढच्या दहा वर्षांच्या चालू खर्चालाही मंजुरी मिळाली पाहिजे. ती देण्याची तयारी नसेल, तर वरून आलेला निधी नम्रपणे परत करावा. ठेकेदाराला चालवायला देऊ, तोच खर्च काढेल, असंही सुचवतात. तो काढतोही. पण मग पासाचा दर तो ठरवतो, रविवारची सकाळ क्लबला जाते, आणि ज्या पोरांसाठी तलाव बांधला ती कुंपणाबाहेर उभी राहतात.

पोरांचं बोलायचंय ते जरा सविस्तर. आपल्या आधीच्या पिढ्या गंगेवर, म्हणजे आपल्या गोदावरीवर, पोहायला शिकल्या. रामकुंड, गांधी तलाव, नाहीतर मळ्यातली विहीर. पाठीला वाळका भोपळा किंवा पत्र्याचा डबा बांधून काका वरून ढकलून द्यायचे. पहिल्या दिवशी रडारड, चौथ्या दिवशी मुटका. गोदावरीचं पाणी आज त्या लायकीचं राहिलेलं नाही, आणि विहिरी खोल-खोल जाऊन बोअर झाल्या. पाणी मात्र पोरांच्या आसपास कमी झालेलं नाही. निफाड, दिंडोरी, चांदवड, सिन्नर या पट्ट्यात द्राक्षबागांच्या कडेला शेततळी झाली. 2016 साली 'मागेल त्याला शेततळे' योजना आली आणि त्यांची संख्या आणखी वाढली. अस्तराचं शेततळं जवळून पाहिलंय का? काळा प्लास्टिकचा कागद, उतरती बाजू, आणि पाण्याच्या रेषेवर शेवाळाचा बारीक थर. मोटारीचा पाइप सरळ करायला कुणी खाली वाकतं, पाय घसरतो. पाणी दहा-पंधरा फूट असतं. पोहता येणारा माणूससुद्धा त्या कागदावरून वर चढू शकत नाही, बोटांना धरायला काहीच सापडत नाही. चारही बाजूंना गाठी मारलेला दोर सोडून ठेवला, एखादं टायर बांधलं, तर जीव वाचतो. ज्यांच्या मळ्यात शेततळं आहे त्यांनी आज संध्याकाळी जाऊन बघावं, दोर आहे का, आणि असला तर उन्हाने कुजला तर नाही ना.

देशात दरवर्षी तीस हजारांहून जास्त माणसं बुडून जातात. संयुक्त राष्ट्रांनी 2021 पासून 25 जुलै हा बुडण्याच्या घटना रोखण्यासाठीचा दिवस ठरवलाय. जागतिक आरोग्य संघटना जे उपाय सांगते, त्यांत शाळकरी मुलांना पोहण्याची आणि पाण्यात स्वतःला वाचवण्याची प्राथमिक कौशल्यं शिकवणं हा एक आहे. पदकं नकोत. पाण्यात पडल्यावर उताणं तरंगता यावं, श्वास धरता यावा, पंधरा-वीस मीटर हातपाय मारून काठ गाठता यावा, आणि दुसरा बुडताना आपण उडी न टाकता बांबू, दोर किंवा ओढणी टाकायची हे कळावं. चौथी ते सहावीच्या मुलांना हे महिनाभराच्या तासांत शिकवता येतं. नगरपरिषदेच्या आणि जिल्हा परिषदेच्या शाळांची मुलं रोज सकाळी बसने आणली, तर तीन-चार वर्षांत त्या वयातली बहुतेक मुलं या तलावातून जातील. तलाव बांधायला माझ्या लेखी एवढं एकच कारण पुरेसं आहे. आणि त्यासाठी चार फूट खोली बास होते. उडी मारायचे फळे, दहा फुटी खोल बाजू, रंगीत घसरगुंड्या हे सगळं पाणीही खातं आणि जीवरक्षकांची संख्याही वाढवतं.

बायकांची वेळ हा आणखी एक दुखरा विषय. ठिकठिकाणच्या तलावांवर 'लेडीज बॅच' असते, आणि ती बहुतेक वेळा अकरा-बाराला नाहीतर भर दुपारी तीनला. नोकरी करणारीला जमत नाही, घरी असणारीची तीच स्वयंपाकाची नाहीतर पोरं शाळेतून यायची वेळ. मग रजिस्टरमध्ये संख्या कमी दिसते आणि 'महिलांचा प्रतिसाद नाही' असा शेरा पडतो. सकाळी साडेसहाची किंवा संध्याकाळी सातची एक बॅच बायकांना देऊन बघा. पूर्ण बाह्यांचा, गुडघ्याखालपर्यंतचा पोहण्याचा पोशाख चालेल असं पाटीवर स्पष्ट लिहा. काठावर बाई प्रशिक्षक उभी असू द्या.

तलाव नीट चाललाय की नाही हे ओळखायला इंजिनिअर लागत नाही. सकाळी पहिल्या बॅचच्या आधी ऑपरेटर छोट्या काचेच्या नळीत पाणी घेतो, त्यात औषधाचे दोन थेंब टाकतो आणि पिवळा रंग किती चढतो ते पट्टीशी ताडून बघतो. ते क्लोरीनचं माप. ते वहीत लिहिलेलं असतं का, एवढं पाहा. दुसरी परीक्षा आणखी सोपी. काठावर उभं राहून सगळ्यात खोल जागी तळाची जाळी स्पष्ट दिसली पाहिजे. दिसत नसेल तर पाण्यात उतरू नका, कारण तळाला गेलेलं मूलही कुणाला दिसणार नाही. आणि डोळे चुरचुरवणारा तो उग्र वास यायला लागला की लोक म्हणतात, क्लोरीन जास्त पडलं. बहुतेक वेळा तसं नसतं. घाम, तेल आणि लघवी यांच्याशी क्लोरीनची गाठ पडली की तो वास सुटतो. शॉवर न घेता थेट उडी मारणाऱ्यांची ती देणगी.

आता शेवटचं, आणि हे आपल्या हातातलं आहे. तुमच्या गावात तलावाचं घाटत असेल तर नगरपरिषदेने आधी नाशिक महापालिकेला एक पत्र पाठवावं, तुमच्या प्रत्येक तलावाची गेल्या पाच वर्षांची जमा, खर्च, आणि तलाव बंद राहिल्याचे दिवस कळवा. फुकटात मिळणारा याहून चांगला प्रकल्प अहवाल नाही. नगरपरिषद पत्र पाठवत नसेल तर आपण माहितीच्या अधिकारात अर्ज करावा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लागतो आणि उत्तराची मुदत 30 दिवसांची असते. अंदाजपत्रकाची सभा साधारण फेब्रुवारीत होते, तेव्हा अर्ज डिसेंबर संपायच्या आत टाकलेला बरा.

नमस्कार.