आठ खांबांची तयारी

(दृश्य : बाक भिंतीला सरकवलेले. फरशीवर पुठ्ठ्याच्या लांब नळ्या.)

कापडाचा तागा संपला की दुकानात उरते ती ही नळी. सहावीच्या मुलांनी बाजार पालथा घालून अशा आठ जमवल्या. आठच का, तर बाई वर्गाला मुंबईच्या फोर्टातल्या टाउन हॉलवर घेऊन गेल्या होत्या. एशियाटिक सोसायटीची ही वास्तू १८३३ सालची, इंग्रजांनी बांधलेली. पण धाटणी ग्रीक. ३० पायऱ्या, वर आठ डोरिक, म्हणजे साध्या ग्रीक घडणीचे खांब. अथेन्सचं पार्थेनॉन हे अथीना देवीचं प्राचीन देऊळ, त्याच्याही दर्शनी बाजूला आठच. वर्गात ग्रीक उत्सव करायचा, हे त्या पायऱ्या उतरता उतरताच ठरलं.

पहिला बेत सोपा होता. नळीला पांढरा कागद, डोक्यावर चौकोनी पुठ्ठा. गणपतीचं मखर करणारी मुलं ही, एका दुपारीत आठही उभे केले. एक मुलगी मागे जाऊन बघत राहिली. म्हणाली, "बाई, हे ड्रेनेजचे पाइप वाटतायत."

वाटतच होते.

मग फळ्यावर मोजमापं आली. इक्टिनॉस आणि कॅलिक्रेटीस या वास्तुविशारदांनी इ.स.पू. ४४७ मध्ये पार्थेनॉनचं काम हाती घेतलं. खांबांची उंची १० मीटरहून जास्त. वर निमुळते होत जातात, पण कड सरळ नाही. मध्ये किंचित फुगीर, दोन सेंटीमीटरही नाही. सगळे जरासे आत कललेले. कोपऱ्यातले अंमळ जाड, कारण त्यांच्यामागे मोकळं आकाश येतं आणि ते बारीक दिसतात. ६९ मीटर लांबीचा चौथरासुद्धा मधोमध सुमारे ११ सेंटीमीटर उचललेला. नजरेला सगळं सरळ दिसावं म्हणून हा खटाटोप, असं पुष्कळदा सांगतात. मला वेगळं वाटतं. ओझं उचलताना दंड जरा फुगतो ना, तसं ते दिसतं.

(दृश्य : ओला बोळा, खोक्याचा पुठ्ठा. अगदी जवळून.)

खोक्याच्या पुठ्ठ्यावर ओला बोळा फिरवायचा, दोन मिनिटं थांबायचं आणि वरचा कागद अलगद सोलायचा. आतली पन्हळी उघडी पडते. खांबावरच्या उभ्या खाचा आयत्या मिळाल्या! पार्थेनॉनच्या खांबाला अशा २० खाचा आहेत. इथे किती झाल्या, ते कुणी मोजू नये. फुगीरपणासाठी आत रद्दी गुंडाळली. पहिल्या खांबाचं पोट इतकं सुटलं, की त्याचं नाव लंबोदर पडलं.

पांढऱ्या रंगाचा हट्टही सुटला. पेंटेलिकॉन डोंगराचा संगमरवर पांढरा खरा, पण खांबांवर टेकलेल्या भागाला निळा-तांबडा रंग होता. तो उडाला आणि उरलेल्या पांढऱ्यालाच आपण ग्रीक म्हणू लागलो.

तरीही खांब झाले म्हणजे उत्सव झाला नाही. करायचं काय? उत्तर पार्थेनॉनच्याच भिंतीवर होतं. वरून फिरणारी १६० मीटर लांबीची शिल्पपट्टी. घोडेस्वार, पाण्याचे घडे खांद्यावर घेतलेले तरुण, बळीची जनावरं. बहुतेक अभ्यासकांच्या मते ही पॅनाथेनाइया उत्सवाची मिरवणूक. अथीना देवीला नवं वस्त्र वाहायचं, त्यासाठी निघालेली. पूर्वेच्या बाजूला, अगदी मधोमध, एक मोठं माणूस आणि एक मूल मिळून कापडाची घडी घालतायत. एवढ्या मोठ्या देवळाचा मध्य, आणि तिथे हे घरगुती काम.

ते चित्र बघितल्यावर वाद मिटला. मिरवणूक व्हरांड्यातून निघेल, शेवटी दोघं जण चादरीची घडी घालतील. घोडे कोण होणार, यावर मात्र अजून भांडण चालू आहे.

राहता राहिला पैशांचा प्रश्न. अथेन्सने पार्थेनॉनचा जमाखर्च दगडावर कोरून लोकांसमोर उभा केला होता. त्या शिळांचे तुकडे आजही आहेत. हे ऐकून वर्गप्रमुख उठली आणि फळ्याच्या कोपऱ्यात लिहू लागली.

(दृश्य : फळा.)

नळ्या – फुकट. खोकी – फुकट. रंग – वर्गणीतून. डिंक – दोन बाटल्या, एक सांडली.

खाली चौकट. चौकटीत ठळक अक्षरं : पुसू नये.