कॅलिपरपासून मोजायला सुरुवात : वेगवान गाडीची हिवाळी चाकं

(दृश्य : पहाटेचं गॅरेज. दार वर जातं, हेडलाइट लागतात.)

रात्रभर पारा शून्याखाली होता. गाडी पाचशे अश्वशक्तीची. इंजिन पहिल्याच खटक्यात जागं होतं. पण गाडी हलली की खालून ऐकू येतं – टप, टप, टप. रात्रभर टायरची जी जागा जमिनीला टेकून होती, ती चपटी होऊन तशीच राहिली आहे. रबराला आपला गोल आकार अजून आठवलेला नाही.

रस्ता कोरडा आहे, बर्फाचा कणही नाही. तरी पहिल्याच वळणावर मागची चाकं बाजूला सरकतात.

हे उन्हाळी टायर. तापलेल्या डांबराला चिकटून राहायचं, एवढ्यासाठीच त्यांचं रबर बनवलेलं. साधारण सात अंशांच्या खाली ते ताठर व्हायला लागतं. सात म्हणजे काही बटण नव्हे. पकड हळूहळू जाते, म्हणून तर ती गेल्याचं उशिरा कळतं. ट्रॅकसाठीच्या काही टायरांबाबत उत्पादक याहून कडक शब्दांत बजावतात : उणे सातच्या खाली गाडी जागची हलवूसुद्धा नका, ट्रेडला, म्हणजे रस्त्याला टेकणाऱ्या खाचांच्या रबराला, तडे जातील.

(दृश्य : हिवाळी टायरचा ट्रेड, अगदी जवळून.)

हा हिवाळी टायर. नखाने दाबा, गारठ्यातही दबतो. प्रत्येक ठोकळ्यावर सुरीने पाडाव्यात तशा बारीक चिरा आहेत. ठोकळा रस्त्यावर टेकला की त्या उघडतात आणि त्यांच्या कडा बर्फाला धरतात. मोठ्या खाचांत हिम भरून राहतं, आणि ते राहू द्यायचंच असतं. हिमाला हिम जितकं घट्ट धरतं तितकं रबर धरत नाही. हिमाचा गोळा वळणाऱ्या कुठल्याही पोराला हे ठाऊक असतं.

ही विद्या जुनी आहे. फिनलंडमध्ये १९३४ साली ट्रकसाठी हिवाळी टायर निघाला आणि १९३६ मध्ये मोटारींसाठी ‘हक्कापेलीत्ता’. तेव्हाचा प्रश्न सरळ होता : रुतलेली गाडी पुढे कशी न्यायची? वेगवान गाडीचा प्रश्न वेगळा आहे. तिचे उन्हाळ्यातले गुणच हिवाळ्यात आडवे येतात. रुंद टायर हिमावर तरंगतो, अरुंद टायर ते कापत खाली जातो. स्वीडनच्या रॅलीत धावणाऱ्या गाड्यांची खिळे ठोकलेली चाकं म्हणूनच सायकलची वाटावीत इतकी बारीक दिसतात. आणि साइडवॉल, म्हणजे टायरची बाजूची भिंत, बुटकी असली, की हिमाखाली लपलेल्या खड्ड्याचा दणका थेट रिमला, चाकाच्या धातूच्या भागाला, बसतो.

मग रिम लहान करा, साइडवॉल उंच घ्या. सल्ला बरोबरच आहे. पण लहान म्हणजे किती, हे टायरवाला ठरवत नाही. ब्रेक ठरवतात.

(दृश्य : चाक उतरवलेलं. कॅलिपरवर, म्हणजे चाकासोबत फिरणारी ब्रेकची डिस्क चिमटीत पकडणाऱ्या भागावर, पुठ्ठ्याचा साचा धरलेला हात.)

पोर्शे ९११ जीटी३ या स्पोर्ट्स गाडीचं उदाहरण घ्या. सिरॅमिक ब्रेक असतील, तर पुढची डिस्क ४१० मिलिमीटरची. १८ इंची रिम म्हणजे ४५७ मिलिमीटर. वजाबाकी करा : दोन्ही बाजूंना मिळून ४७, म्हणजे एका बाजूला साडेतेवीस. एवढ्यात डिस्कच्या कडेबाहेर आलेली कॅलिपरची पाठ, रिमच्या धातूची जाडी आणि वर मोकळी फट बसवायची. बसत नाही. अशा गाडीला हिवाळ्यातही मोठंच रिम लागतं, तिथे हट्ट करून उपयोग नाही. डिस्क साडेतीनशेच्या आसपास असेल, तर मात्र १८ किंवा १९ इंचाचा विचार जरूर करावा. आणि फक्त व्यास मोजून थांबू नका. कॅलिपर बाहेरच्या अंगाला आऱ्यांनाही घासू शकतो. दोन रिमचा व्यास एकच, पण एकाच्या आऱ्या सपाट आणि दुसऱ्याच्या फुगीर, एवढ्या फरकावर चाक अडतं. म्हणून हा पुठ्ठ्याचा साचा. दिसायला शाळकरी, पण पैसे वाचवणारा.

रिम ठरलं की टायरचं गणित. टायरवरचा पहिला आकडा रुंदीचा, मिलिमीटरमध्ये; दुसरा साइडवॉलची उंची रुंदीच्या किती टक्के ते सांगणारा; ‘आर’नंतरचा रिमचा व्यास, इंचात. उन्हाळ्यात २५५/३५ आर २० असेल, तर चाकाची एकूण उंची ६८६ मिलिमीटरच्या जरा वर जाते. २५५/४० आर १९ घेतला तर उंची तीच राहते, फक्त एक इंच धातू जाऊन त्या जागी रबर येतं. २४५/४० आर १९ घेतला तर टायर दहा मिलिमीटरने अरुंद होतो आणि उंची सुमारे एका टक्क्याने घटते. हे चालतं, पण चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाडीत मागची उंचीही त्याच प्रमाणात घटली पाहिजे. पुढची आणि मागची चाकं वेगवेगळ्या गतीने फिरत राहिली, तर पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणारा मधला क्लच विनाकारण झिजतो, तापतो.

आता टायर कोणत्या जातीचा? बाजूवर तीन शिखरं आणि हिमकणाचं चिन्ह हवं. ते हिमावरच्या चाचणीनंतर मिळतं. नुसतं ‘एम प्लस एस’ (चिखल आणि हिम) ही उत्पादकाने स्वतःच लावलेली पाटी आहे. पण त्या चिन्हाच्या आतही दोन घराणी आहेत. एक आल्प्सकडचं : मिशलँचा पायलट अल्पिन, पिरेलीचा सोट्टोझेरो. थंड, ओल्या, अधूनमधून हिम पडणाऱ्या महामार्गांसाठी. वेगाची मर्यादा ताशी २४० किंवा २७० किलोमीटर. दुसरं उत्तरेकडचं : अतिशय मऊ, गुळगुळीत बर्फासाठी, बऱ्याचदा १७० पर्यंतच. वेगवान गाडीवर कोरड्या रस्त्यात हा दुसरा टायर जेलीवर उभं राहिल्यासारखा वाटतो. गाव बर्फाखालीच असेल तर तोच घ्यावा. बाकीच्यांनी आपला हिवाळा खरोखर कसा असतो ते आठवावं. कल्पनेतला हिवाळा नेहमी जास्त बर्फाळ असतो.

चारही चाकांना ताकद मिळते म्हणून उन्हाळी टायर चालतील, असं समजू नका. ती ताकद गाडीला पुढे नेते. ब्रेक मारल्यावर तिचा काही उपयोग नाही. आणि दोनच हिवाळी टायर तर कधीच नकोत. पुढचे धरतील, मागचे सुटतील, गाडी गिरकी घेईल.

रिम साधं, रंगवलेलं घ्या. चकाकत्या, कातीव कडांवरचा पारदर्शक थर खडीने टवकतो आणि रस्त्यावरचं मीठ त्याखाली शिरून पांढऱ्या मुळ्यांसारखं पसरतं. बोल्टची बैठक, म्हणजे तो रिमला जिथे टेकतो त्या जागेचा आकार, तपासा : बीएमडब्ल्यूची शंकूसारखी, मर्सिडीजची गोलाकार. चुकीची जोडी पान्याला घट्ट लागते, पण नीट टेकलेली नसते.

(दृश्य : वर्कशॉप. नवं चाक हबवर चढतं.)

बोल्ट आधी हाताने, मग आडवे-तिडवे, शेवटी टॉर्क पान्याने, म्हणजे ठरलेल्या जोरापर्यंतच आवळणाऱ्या पान्याने. शंभरएक किलोमीटरनंतर पुन्हा एकदा. हवा सकाळी, टायर गार असताना भरायची; पारा पाच-सहा अंश उतरला की हवेचा दाब साधारण एक पीएसआय (दाबाचं एकक) कमी होतो.

चाक हाताने फिरवलं जातं. कान रिमजवळ. घासल्याचा आवाज नाही. भिंतीशी उन्हाळी चाकं रचली आहेत, आणि प्रत्येक टायरवर खडूने लिहिलंय : पुढचं डावं, पुढचं उजवं, मागचं डावं…